आमची अंधारी कंपनी

किस्से कुठं साठतात सांगू? जिथं बघायला काही नसतं तिथं. ज्याला डोळ्यांपुढं दिसतंय तो बघत बसतो, बोलत नाही. आमच्या कंपनीत ठार अंधार. हात कामात अडकलेले, डोळे बिनकामाचे, मोकळं काय तर फक्त तोंड. आणि ते आख्खी पाळी मोकळं! मग किस्से साठणार नाहीत तर काय होईल? आता कुठं चारचौघांत बसलो की लोक म्हणतात, "सोपानराव, तो बसमधला सांगा. सोपानराव, तो लग्नातला सांगा." सांगून सांगून घसा बसला माझा. म्हटलं, एकदा लिहूनच टाकतो, म्हणजे तुम्हीही गप्प आणि मीही गप्प. माझी शाळा चौथीतच सुटली. तेव्हा शुद्धलेखन बघू नका. बघायचंच असेल तर दुसऱ्या कुणाचं बघा.

आमची कंपनी फोटोची फिल्म बनवते. कॅमेऱ्यात रोल घालायचे, तो रोल. प्लास्टिकची लांबलचक पट्टी मशीनवरून पळते, तिच्यावर औषधाचा लेप बसतो, ती वाळते, गुंडाळली जाते. सगळं अंधारात. कुणी आत काडी ओढली की माल गेला. या मशीनला आम्ही नुसतं 'कोटिंग' म्हणतो.

पिंपरीला होतो तेव्हा काय थाट! तीन शिफ्ट, स्वतःच्या बस, कँटीनला रांग. मग लोकांच्या हातात डिजिटल कॅमेरे आले. मग मोबाईल आले. दवाखान्यातले एक्स-रेसुद्धा कॉम्प्युटरवर गेले, आणि आमचं दिवाळं वाजलं. पिंपरीची जागा गेली, तिथं आता टॉवर उभे आहेत. उरलं काय, तर एक कोटिंग मशीन आणि आम्ही मूठभर म्हातारे, चाकणच्या पलीकडं डोंगराच्या अंगाला एका शेडमध्ये. आसपासच्या फाउंड्र्यांना लोखंडाच्या आतली चीर बघायला एक्स-रेची फिल्म लागते. तेवढ्यावर चूल पेटती होती, आणि तीही विझत आली.

तेवढ्यात दिल्लीची एक पार्टी म्हणाली, आम्ही कॅमेऱ्याचे रोल घेऊ, पण आमच्या माणसासमोर सँपल लॉट काढून दाखवा. पास झाला तर ऑर्डर. फेल झाला तर कोटिंग मशीन भंगारात आणि आम्ही घरी. त्या लॉटचं काय झालं ते सांगतो, पण शेवटी. आधी माणसं कळू द्या, घाई करू नका!

* * *

अंधारातला पहिला नियम, चालताना आवाज करायचा. नाहीतर टक्कर! प्रत्येकाचा आवाज ठरलेला, गाडीच्या हॉर्नसारखा. मी खाकरायचो. आमचा दत्तोबा चाकणकडचा शेतकरी गडी, तो बैल हाकल्यासारखा "हर्र, हर्र" करत यायचा. आणि पिंपरीचा कांबळे शिट्टी मारायचा. वळण आलं की दोन शिट्ट्या. सवय अशी लागली की जिन्यात, बाजारात, दवाखान्यात, जिथं वळण तिथं शिट्टी!

कांबळेच्या थोरल्या मुलीचं जमवायचं होतं. तळेगावला मुलाच्या घरी गेलो, मीही सोबत. घर चांगलं, माणसं शिकलेली. चहा झाला, मुलाचे वडील म्हणाले, "या, आत या, घरातल्यांना भेटा." मधे बोळ, बोळाला वळण. वळणापलीकडं मुलाची आई, मावश्या, आत्या, सगळ्या नटून बसलेल्या.

कांबळेनं वळणावर दोन शिट्ट्या ठोकल्या!

मुलाचे वडील लालबुंद. मी मधे पडलो, "अहो, तसलं काही नाही. ते कंपनीत अंधारात असतात ना..."

"अंधारात? कसली कंपनी म्हणायची ही?"

जितकं समजावतोय तितकं बिघडतंय! कांबळे तर भिंतीला चिकटून उभा. शेवटी मुलाची आजी आतून ओरडली, "येऊ द्या त्यांना! वर्दी देऊन तरी येतायत. आमचे हे जन्मभर मांजरासारखे यायचे!"

जमलं लग्न.

* * *

दत्तोबा कोटिंगला बदलून आला तेव्हाची गोष्ट. आमच्याकडं आत जायचं ते एकेकट्यानं, आणि सुटलं की बसकडं पळायचं. तोंड बघतो कोण कुणाचं? आत मात्र त्याची आणि कांबळेची गट्टी जमली. दिवसभर गप्पा. पोरांची शाळा, सासुरवाडी, गुडघेदुखी, सगळं एकमेकांना ठाऊक.

एक दिवस दत्तोबाची बस बंद पडली, म्हणून तो कांबळेच्या बसमध्ये चढला. खिडकीची जागा रिकामी दिसली, बसला. बसमध्ये नुसता गलका, त्यातच कांबळे आला.

"ऊठ. माझी जागा आहे ती."

"तुज्या नावाची पाटी हाय का हितं?"

"पाटी लावायला ही बस काय तुझ्या बापाची आहे?"

झालं! बाप निघाला म्हटल्यावर दत्तोबा उठला, बाह्या वर केल्या आणि "हर्र" करून अंगावर गेला. कांबळेचा हात वरच्या वर थांबला.

"दत्तोबा?"

"आं? कांबळे? च्यायला! तू असा दिसतूस व्हय? आवाजावनं तर उंच वाटायचास!"

कांबळे म्हणाला, "आणि तू आवाजावरून शहाणा वाटायचास!"

* * *

रावेतला एका लग्नाला आम्ही तिघं, मी, कांबळे आणि दत्तोबा, गेलो होतो. मोठा हॉल, पंगत बसलेली, आणि दिवे गेले. जनरेटर काही केल्या चालू होईना. बाकीची पंगत जागच्या जागी गोठली, घास तोंडापाशी. आमच्या तिघांना काय फरक पडतोय? आमचं जेवण चालू. वाटी कुठं, मीठ कुठं, हाताला सगळं माहीत.

तेवढ्यात कुणीतरी मोबाईलचा टॉर्च पेटवला. मग दुसरा, मग तिसरा. आणि आम्ही तिघं ताटावरून उठून एकदम बोंबललो, "लाइट बंद! लाइट बंद करा! माल उघडा आहे!"

अहो, अंगात भिनलेलं असतं ते! पण आवाज असा निघाला की आख्ख्या हॉलनं घाबरून टॉर्च विझवले. वाजंत्रीवालेसुद्धा गप्प. बराच वेळ सगळी वऱ्हाडी मंडळी मुकाट्यानं अंधारात बसून राहिली. आम्ही मात्र जेवून घेतलं.

दिवे आले. वधूपिता घाम पुसत आमच्यासमोर उभा. "काय हो, कसला माल उघडा होता?"

दत्तोबानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, मग शेजाऱ्याच्या ताटाकडं बोट केलं. "जिलबी."

* * *

पिंपरीचं युनिट बंद झालं तो दिवस. थोरले साहेब, म्हणजे कंपनीचे मालक, म्हणाले, "इतकी वर्षं लोकांच्या फोटोंची फिल्म केली, आज आपला एक फोटो काढू. आपल्याच फिल्मवर." सगळ्यांना बाहेर बोलावलं. शेवटची पाळी आतून थेट उन्हात येऊन उभी राहिली. काही जण रडत होते, मी नव्हतो. मला धुळीचा त्रास आहे.

फोटोग्राफर ओरडतोय, "डोळे उघडा, डोळे उघडा!" कुणाचे उघडतायत? अंधारातून भर दुपारी बाहेर आलेली माणसं आम्ही! त्यानं फोटोवर फोटो काढले. धुऊन आले तर एकाही फोटोत आमच्यापैकी एकाचेही डोळे उघडे नाहीत. रांगाच्या रांगा मिटलेल्या डोळ्यांच्या, जशी काही ध्यानाला बसलेली मंडळी. फोटोग्राफर शरमला. म्हणाला, "साहेब, पुन्हा काढून देतो."

साहेब फोटो हातात घेऊन बघू लागले. म्हणाले, "राहू दे. इतकी वर्षं विचार करत होतो, ही माणसं आत काम करताना कशी दिसत असतील!"

* * *

थोरले साहेब गेले आणि कंपनी त्यांच्या मुलीकडं आली. आम्ही तिला मॅडम म्हणतो, दत्तोबा ताई म्हणतो. इंजिनियर बाई, जीभ तिखट, हिशोबाला पक्की. सगळे नातेवाईक सांगत होते, "वीक ते मशीन." ती म्हणायची, "विकायला काय, कधीही विकता येतं." पण एक एक वस्तू जातच होती. पट्टी गुंडाळायचं ऑटोमॅटिक युनिट गेलं, आत घालायचे झगे वाळवायचा ड्रायर गेला, कँटीनची भांडी गेली. कोटिंग तेवढं राहिलं.

त्याच्यावर एका भंगारवाल्या शेठचा डोळा! महिन्यातून एकदा यायचा. बैलबाजारात आल्यासारखा मशीनभोवती फिरायचा, थोपटायचा, वाकून खालून बघायचा. माझं डोकं फिरायचं. एक दिवस मॅडमनी त्याला तोंडावर सांगितलं, "शेठ, चालू मशीन बघायचंय का? आत या." तो खूश! आत गेला, दार लागलं, दिवे बंद, मशीन सुरू.

जरा वेळानं त्याचा आवाज, "अहो, कुणी आहे का?"

चहूकडून उत्तरं. एकीकडून शिट्टी! एकीकडून "हर्र, हर्र!" मी पाठीमागून खाकरलो. शेठ जागेवर गोल गोल फिरतोय हे त्याच्या चपलांवरून कळत होतं.

"मॅडम! दिवा लावा!"

"माल चालू आहे शेठ, पाळी सुटेपर्यंत दिवा लागत नाही. घ्या ना बघून मशीन निवांत."

बाहेर आला तेव्हा शर्ट पिळून काढावा असा ओला. मॅडमनी पाणी दिलं, विचारलं, "मग? काय ठरवलंत?"

शेठ म्हणाला, "बाई, मी न बघता माल घेत नाही!"

त्यानंतर बरेच दिवस तो फिरकला नाही. पण दिल्लीच्या लॉटची बातमी लागली आणि त्यानं फोन करून सांगून ठेवलं, "फेल झाला तर मला कळवा. ट्रक तयार आहे."

* * *

आता नवीन पिढीचं ऐका. तिकडं माण गावातल्या आयटी कंपन्यांत काम करणारी पोरंपोरी हल्ली शनिवारी आमच्या गेटवर येतात. गळ्यात आजोबांचे कॅमेरे! रोल पाहिजे म्हणतात. मी म्हणालो, "खिशात मोबाईल आहे ना? तो काय बिघडला?" एक मुलगी म्हणाली, "काका, त्याच्यात फोटो लगेच दिसतो, मजा नाही येत." घ्या! आम्ही ज्या दुखण्यानं मेलो, ते यांना औषध वाटतंय!

तर, मॅडमनी जुन्या स्टॉकमधले काही रोल त्यांना देऊन टाकले. त्यात एक पेटी चुकून खराब मालाची गेली. त्या मालाला कडेनं उजेड लागलेला होता, फोटोवर पांढरे डाग, धुराचे लोट यायचे. ही दत्तोबाच्या हातची करामत, पिंपरीच्या काळातली. झाकण नीट न लावल्याबद्दल त्याला मेमो मिळाला होता. असे मेमो त्याच्याकडं ढिगानं आहेत.

पुढच्या शनिवारी पोरं परत आली. मी म्हटलं, आली बोंब. दत्तोबा तर पाण्याच्या टाकीमागं जाऊन उभा राहिला.

पोरं म्हणाली, "तसाच रोल अजून द्या! तो धूरवाला! काय भारी इफेक्ट येतो, साधा रोल नको आम्हाला. कुणी डिझाइन केला तो?"

दत्तोबा टाकीमागनं बाहेर आला. पोरांकडं बघितलं नाही, काही नाही, सरळ मॅडमपुढं जाऊन उभा. "ताई, माजे समदे मेमो माघारी घ्या!"

* * *

आता तो लॉट.

मे संपत आलेला. दिल्लीहून अरोरा साहेब आले, पांढरा शर्ट, हसणं माहीत नाही. म्हणाले, मी बाहेर बसतो, माल निघाला की शेवटच्या टोकाचा तुकडा कापून मला द्या, मी माझ्यासमोर धुऊन बघणार. टोकाचाच का? तर सगळ्यात जास्त वेळ उघडा राहतो तो. माणूस कामातला होता, हे मला मानावं लागलं.

आत आम्ही चौघं. कांबळे मशीनवर, दत्तोबा औषधावर. ऑटोमॅटिक युनिट विकलेलं, त्यामुळं पट्टी हातानं गुंडाळायची. एका कडेला मी, दुसऱ्या कडेला खुद्द मॅडम. दोन्ही हातांनी कडा धरायच्या आणि ताण सोडायचा नाही. सोडला की सुरकुती, सुरकुती आली की लॉट फेल.

दुपारभर चाललं. लेप बसतोय, पट्टी वाळतेय, रोल भरतोय. कुणी एक शब्द बोललं नाही, आमच्या इतिहासात पहिल्यांदा! दिवेलागण झाली असेल. कांबळेचा आवाज आला, "टोक जवळ आलं."

आणि त्याच वेळी लांबच्या कोपऱ्यात उजेड झाला.

बारीकसा, हिरवट. झाला, विझला. परत झाला. इतक्या वर्षांत माल चालू असताना उजेड म्हणून बघितला नव्हता मी. दत्तोबा किंचाळला, "काजवा! काजवा हाय त्यो!"

ड्रायर विकल्यापासून आमचे झगे बाहेर झाडाखाली दोरीवर वाळतात. त्या झाडावर या दिवसांत काजवे असतात. कुणाच्या तरी झग्याच्या घडीत बसून आत आला होता रांडेचा!

"मारा त्याला!"

"कशानं मारू? कुटं हाय दिसंना!"

"दिसतोय तोच तर घोळ आहे!"

दत्तोबा झगा फडफडवतोय, कांबळेला मशीन सोडता येत नाही. मी दोन्ही हातांनी पट्टी धरलेली, नुसत्या शिव्या देतोय. लुकलुक करत तो छताकडं गेला, वळला आणि सरळ आमच्या दिशेला निघाला. उघड्या फिल्मकडं! मॅडमचा आवाज आला, "कुणीही हलू नका. सोपानकाका, ताण सोडू नका."

विझला. आता पेटेल, मग पेटेल. पेटलाच नाही.

मी ओरडलो, "कुणी धरला?"

कांबळे म्हणाला, "मी नाही."

दत्तोबा म्हणाला, "म्या न्हाई."

"मॅडम?"

उत्तर नाही.

"मॅडम! ताई!" उत्तरच नाही! चक्कर येऊन पडली की काय? पण पट्टीचा ताण तिच्या बाजूनं तसाच, तारेसारखा घट्ट. तिनं पायानं मशीनवर ठोकर मारली, ठण्ण! म्हणजे काय ते आम्ही समजलो. चालू ठेवा.

टोक आलं. कांबळेनं तुकडा कापून दुहेरी झडपांच्या खिडकीतून पलीकडच्या अंधाऱ्या खोलीत दिला. रोल काळ्या पिशवीत गेला, पिशवी डब्यात, डब्याला चिकटपट्टी, सगळं मॅडमच्या हातानं. बाई एक अक्षर बोलेना. मग एकामागं एक बाहेर आलो.

बाहेर अरोरा साहेब तुकडा धुऊन ट्यूबलाइटपुढं धरून उभे. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत डोळा फिरवला. उलटा करून परत फिरवला. कांबळेनं दत्तोबाचा हात धरलेला.

"क्लीन," ते म्हणाले. "एकदम क्लीन. लेकिन अंदर इतना शोर किस बात का था, मॅडम?"

मॅडमनी तोंड उघडलं.

अंड्याला न शिवणारी बाई ती! तिच्या ओठावर काजवा येऊन बसला, पंख झटकले, एकदा लुकलुकला आणि दारातून झाडाकडं उडून गेला.

अरोरा साहेब दाराकडं बघत राहिले, मग मॅडमकडं, मग हातातल्या तुकड्याकडं.

"मॅडम, ये हर लॉट में करना पडेगा?"

मॅडमनी रुमालानं तोंड पुसलं. "सिर्फ सीझन में, सर."